बिनगोताचा शब्द

७ मार्च २०२५

रुपाली,

तुझी चिट्ठी श्रीहरीनं काल आणून देल्ली. तुमच्या आश्रमशाळेले किराणा पोचवता पोचवता तो आता आपल्या सासूसुनेचा पोस्टमन झाला. हेमलकसाच्या पुढं तुमचा टॉवर म्हणे पाऊस नसला तरी झोपूनच असते. बरंच आहे. फोनवर मी ओरडतो आन तू नुसतं "हो आई, हो आई" करते. चिट्ठीत तुले दुसरं काई तरी लिहावंच लागते.

पण लिहिलं काय तू? तब्येतीची एक ओळ, आन बाकी सारा तो कीप. इंग्रजीचा एक शब्द, त्याचे पंधरावीस अर्थ, पोरींना कसे शिकवू म्हणून डोकं धरून बसली. आन विचारते कोणाले? चौथी शिकलेल्या बाईले, जी शाळेत कमी आन तलावाच्या काठावर जास्त होती. तुमच्या शब्दांत लिहा म्हणते. घे मंग.

कोंबड्या आपण पाळतो. देल्लेला शब्द पाळतो, सणही पाळतो. उपास धरतो. दुकान चालवतो. धानाची राखण करतो. म्हातारी माणसं सांभाळतो. चूप बसतो, म्हणजे तुझे सासरे बसतात. सुटे पैसे ठेवून घेतो. थांबलो नाई तर चालत राहतो. आन मासा टिकत नाई, दुपारपर्यंत विकला नाई तर मांजरीची चैन.

एवढ्या सगळ्याले इंग्रजाचा एकच शब्द? म्हणजे एकाच गंजात दूध, त्यातच मासे आन त्यातच धुण्याचा सोडा. त्यांच्याकडे शब्द महाग होते काय?

आता कामाचं. आचलचं लग्न ७ मेले पक्कं झालं. तू घरची एकुलती सून. पहिली हळद वहिनीच्याच हातची, असं ती पोर लहान लेकरासारखी धरून बसली, आन साखरपुड्यात तूच तिले हो म्हटलं. तुझी नोकरी करारावरची. परीक्षा झाल्यावर पुढचा आदेश निघन की नाई ते ठरन. तुले तिकडं पाठवताना मी साऱ्या घराशी भांडली. स्वप्निल चंद्रपुरात गॅरेजात आन बायको जंगलात, हा कोणता संसार, असं लोकं आजही विचारतात. म्हणून सांगून ठेवतो. नोकरी पक्की कर आन हळदीले ये. मले दोन्ही पाहिजे.

तुझी सासू,
प्रेमिला

१५ मार्च

आई,

तुमची चिठ्ठी मी वर्गात वाचून दाखवली. दूध, मासे आणि सोड्यापाशी दिव्या हसली. ती सहावीतली, कधीच हसत नाही. माझ्या वर्गातल्या मुली जवळजवळ सगळ्या माडिया. घरी माडिया बोलतात, पुस्तक मराठीत, आणि त्यावर हे इंग्रजी. त्यांना मी शब्द शिकवते तेव्हा त्या दोनदा नदी ओलांडत असतात.

शाळेला कोणीतरी एक जाडा शब्दकोश भेट दिलाय. त्यात मी हा कीप शोधला. आई, शब्द हजार वर्षं जुना, पण आला कुठून ते कोणालाच नक्की सांगता येत नाही. इतर इंग्रजी शब्दांचे भाऊबंद जर्मनीत सापडतात, हॉलंडमध्ये सापडतात. याचं कोणीच नाही. सुरुवातीला म्हणे त्याचा अर्थ होता धरणं, नजर ठेवणं, वाट पाहणं. मग हळूहळू बाकीची सगळी कामं त्याच्याकडे आली. किल्ल्यातल्या सगळ्यात भक्कम बुरुजालासुद्धा तेच नाव. मी मुलींना फळ्यावर चांद्याचा, म्हणजे आपल्या चंद्रपूरचा, परकोट काढून दाखवला. बुरूज काही नीट जमला नाही, मुली म्हणाल्या ही कणगी आहे.

मुख्याध्यापक म्हणाले, मुलींचा निकाल चांगला लागला तर पुढच्या वर्षासाठी तुमचं नाव मी पाठवतो. परीक्षा २१ एप्रिलपासून. त्यानंतर सुट्टी. हळदीला येतेच, आचलला सांगा.

इथे रोज तेच वरण आणि तोच भात. तोंडाची चव गेली. तुमच्या हातचं आंबट काहीतरी आठवतं.

रुपाली

२० मार्च

रुपाली,

नातलग नसलेला शब्द! म्हणजे ते सूनच झाली वो. माहेरचं कोणी विचारत नाई, आन घरात पाय टाकला की झाडण्यापासून मासे निवडण्यापर्यंत सारं तिच्याच अंगावर. मी हे तुझ्या सासऱ्यांना सांगितलं तर इस्तारीराव पहिल्यांदा हसले. म्हणे, "तू कोणतं काम सांगतेस आपल्या सुनेले?" मी म्हटलं, तिले जंगलात पाठवलं, आणखी काय सांगू.

अंगणातला आंबा यंदा लवकर धरला. पहिल्याच तोडीच्या कैऱ्या किसून तक्कू केला, गूळ आन मोहरी घालून. श्रीहरीजवळ मोठी बरणी देल्ली. एकटी खाऊ नको, पोरींना वाढ. त्या हसऱ्या दिव्याले जास्त दे.

आचलच्या शालूचा रंग तिले आवडत नाई. तिले सांग की आवडते. तुझं ऐकते.

प्रेमिला

२९ मार्च

आई,

बरणी मिळाली. मी ठीक आहे. मुली जरा घरी गेल्या आहेत. शालू छान आहे, आचलला सांगा.

घाईत आहे.

रुपाली

२ एप्रिल

रुपाली,

हे काय चिट्ठी झाली? एवढं तर श्रीहरी तोंडानं सांगते. तू चार पानं लिहिणारी बाई, आन घाई कसली तुले त्या जंगलात, कोणती बस पकडायची होती?

मी श्रीहरीले धरलं. आधी मान हलवत होता. मंग म्हणे, "काकू, बाईच्या वर्गात पोरी दिसल्या नाई मले. बाई एकट्याच फळा पुसत होत्या, आन फळा तर कोराच होता." तेव्हापासून माझं मन जागेवर नाई. काल भाजीत दोनदा मीठ पडलं. परवा तलावावरून माशांची टोपली घेऊन निघाली ते बाजार सोडून बस स्टँडवर जाऊन उभी राह्यली.

मले सरळ सांग. दिवस गेले काय? तसं असन तर लपवू नको, एवढ्या दूर एकटी राहू नको. का स्वप्निल काई बोलला? त्याले मी फोन केला तर म्हणे "आई, मी काऊन बोलीन?" त्याचा आवाज खोटा नाई वाटला. का ताप आला? तिकडचा ताप वाईट. शाळेतल्या कोणी त्रास देल्ला काय?

तू सांगत नाई तोवर मी एकेक गोष्ट धरून बसतो आन प्रत्येक गोष्ट पहिलीपेक्षा वाईट. उत्तर नाई आलं तर मी श्रीहरीच्या गाडीत बसून येतो, किराण्यावर बसून येतो.

प्रेमिला

५ एप्रिल

आई,

येऊ नका. दिवस गेलेले नाहीत, ताप नाही, आणि तुमच्या मुलाशी भांडणही नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लिहिलं नव्हतं.

तुमचा तक्कू मी त्या दुपारी सगळ्या मुलींना वाढला. खाली मान घालून खाल्ला त्यांनी. मला वाटलं आवडला. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर तुमचीच वाक्यं कीप घालून लिहिली. "आम्ही सण पाळतो" इथे आले आणि विचारलं, तुम्ही कोणता पाळता? मुलींनी वह्या मिटल्या. मग दिव्या रडायला लागली. म्हणाली, "मरका पंडुम, बाई. आम्ही नाही पाळला. काल आंबा खाल्ला."

मरका म्हणजे आंबा. झाडावर नवा आंबा कितीही लोंबला तरी आधी सगळं गाव मिळून तो देवाला आणि वाडवडिलांना देतं. तो दिवस म्हणजे पंडुम. त्याआधी नवा आंबा कोणी जिभेला लावत नाही, तान्ह्या लेकराच्याही नाही. मी विचारलं, मग काल सांगितलं का नाही? तर म्हणाली, "बाईंनी वाढलं. बाईंना नाही कसं म्हणायचं?"

आई, मीच त्यांना रोज सांगते, बाईंचं ऐकायचं.

त्या संध्याकाळी वादळ झालं. मुलींच्या वस्तीतल्या झाडांखाली कोवळ्या आंब्यांचा सडा पडला. सकाळी आईबाप आले. कोणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. आपापल्या मुलीची पेटी उचलली आणि चालू लागले. ओरडले असते तर मला काही बोलता आलं असतं.

मुख्याध्यापक म्हणतात, मुली परीक्षेला बसल्याच नाहीत तर तुमचं नाव मी कोणत्या तोंडाने पाठवू. मी तीन घरी जाऊन समजावलं, की वादळाचा आणि आंब्याचा संबंध नसतो. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि मुलीला आत पाठवलं.

रुपाली

८ एप्रिल

रुपाली,

तुझी चिट्ठी वाचली आन पहिले मले राग आला. वारा तर आपल्या सिंदेवाहीकडंही सुटला होता, आमच्याही कैऱ्या पडल्या, आम्ही कोणाले बोललो काय? कोण तो गावाचा मोठा माणूस, मी येऊन बोलतो त्याच्याशी, असं म्हणून मी लुगडं बदलायले उठली. तुझे सासरे दारात आडवे झाले. ते कधी आडवे होत नाई. म्हणे, "कोणाशी भांडशील? आपल्या तलावावर तू काय केलं होतं ते आठव."

तुले माहीत नसन, तुझ्या लग्नाच्या आधीचं आहे. आपल्या तलावावर पहिलं जाळं पडायच्या आधी काठावर पूजा होते. त्याआधी ढिवराचं लेकरूही पाण्यात गरी टाकत नाई. त्या साली चांद्याहून कोणत्या तरी साहेबाचा साळा गाडी घेऊन आला आन मजेत गरी टाकून बसला. डोक्याले टोपी, बाजूले बिस्किटाचा पुडा. मी त्याच्या गरीची काठी काडीसारखी मोडून हातात देल्ली. तो बिचारा घाबरून म्हणत होता, "बाई, मला माहीत नव्हतं हो." मी म्हटलं, माहीत नव्हतं तर विचारलं काऊन नाई? पाणी तुझ्या बापाचं होतं?

मंग तो मले समजावायले लागला, की मासे पूजा पाहून येत नाई, ते पाण्याचं तापमान का काय पाहून येतात. बरोबरही असन त्याचं. पण ते ऐकून मले जो राग आला तो गरीचाही नव्हता आला.

आता मले बसल्या जागी चटके बसून राह्यले. बरणी मी भरली. दिव्याले जास्त दे, हेही मीच लिहिलं. त्या पोरीच्या आईले माझं तोंड माहीत नाई म्हणून बरं.

तू समजावू नको कोणाले. आधी केलं तेवढं पुरे. सरळ जाऊन म्हण, मले विचारायले पाहिजे होतं, विचारलं नाई, आता काय करायचं ते सांगा. आन मंग चूप बस. तुझ्या सासऱ्यांसारखी.

लवकर कळव. मले धीर नाई.

प्रेमिला

१२ एप्रिल

आई,

गेले होते. इथल्या गावप्रमुखाला गायता म्हणतात, त्यांचं नाव जंगू. दिव्याचे ते आजोबा लागतात. अंगणात दोरी वळत बसले होते. तुम्ही सांगितलं तसंच मी म्हटलं आणि गप्प बसले. गप्प बसणं फार अवघड असतं, आई. ते दोरी वळत राहिले. कोंबड्या माझ्या पायांवरून गेल्या.

मग म्हणाले, "काय करायचं? खाल्लेला आंबा पोटातून काढता येतो का?" आजूबाजूच्या बाया हसल्या. मीही हसले, मग वाटलं हसायला नको होतं.

थोड्या वेळाने म्हणाले, मुली परीक्षेला येतील. पण पंडुमच्या दिवशी बाई इथे पाहिजे. ज्या मुलींनी खाल्लं त्यांना देवापुढे बसून ते सांगावं लागेल. "तुम्ही वाढलं, त्यांनी खाल्लं. मग लेकरांनीच एकटं का सांगायचं?"

मी विचारलं, कधी आहे? म्हणाले, आंब्यात कोय धरली की गाव बसेल आणि ठरवेल. एप्रिलच्या शेवटी, नाहीतर मे अर्धा जाईपर्यंत कधीही. यंदा पडझड झाली म्हणून उशीरच होईल. मी म्हटलं ७ मेला माझ्या नणंदेचं लग्न आहे. तर म्हणाले, "लग्नाची तारीख माणूस ठरवतो. आंब्याला कोण सांगेल?" एकदा इथून निघाले तर निरोप मिळून परत पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल. म्हणजे सुट्टी लागली तरी इथेच थांबायचं.

मी हो म्हटलं नाही. म्हटलं, सासूला विचारून सांगते. बाया पुन्हा हसल्या. एकीने विचारलं, "सासू भांडखोर आहे का?" मी म्हटलं, तक्कू तिनेच पाठवला होता. तर म्हणाली, "मग तिलाही आण."

आचलला मी शब्द दिलाय. तुम्ही ये म्हणालात तर येईन. मग मुली परीक्षेला येणार नाहीत, नोकरी जाईल, पण नोकरीचं जाऊ द्या, ते अंगण माझ्या डोळ्यांपुढून जाणार नाही. काय करू?

रुपाली

१५ एप्रिल

रुपाली,

ही चिट्ठी मी दोनदा फाडली. पहिलीत लिहिलं ये. दुसरीत लिहिलं तुले काय करायचं ते कर, आन ते तर ये पेक्षाही वाईट होतं.

आचलले सांगितलं. ती भिंतीकडं तोंड करून झोपली, जेवली नाई. मी म्हटलं, "शब्द देल्ला होता वहिनीनं, हे खरं आहे." तर उठून बसली आन म्हणे, "आई, तिथं तर तिनं कोणाले शब्दही देल्ला नाई, फक्त वाढलं." मले कळलं नाई ती रागात बोलली का समजून. अजूनही कळलं नाई.

लोकांचं मले भेव नाई. लोकं दोन दिवस बोलतील, मंग जेवणात मीठ कमी होतं ते बोलतील. माझं भेव दुसरं आहे, ते लिहितो आन पुन्हा विचारू नको. तू त्या अंगणात बसशील, त्यांच्या पोरींसोबत देवापुढं सांगशील, मंग ते तुले आपली म्हणतील. आन तू इकडं येशील तेव्हा पाहुण्यासारखी येशील. मी भांडून पाठवली ते नोकरीसाठी. त्यांना देऊन टाकायले नाई पाठवली.

पण दिव्याच्या आईच्या जागी मी असती तर मीही पेटी उचलून पोर घरी आणली असती. आन वाढणारी बाई लग्नाले निघून गेली असती तर मी ती पोर पुन्हा कधी शाळेत पाठवली नसती, मरेपर्यंत.

हो म्हण त्याले. आजच म्हण. ही चिट्ठी हातात पडली की जेवायच्या आधी जा. मले आण म्हणणाऱ्या त्या बाईले सांग, घरी लग्न आहे म्हणून येत नाई, भेव म्हणून नाई.

प्रेमिला

९ मे

रुपाली,

लग्न झालं. आचल काल सासरी गेली. घरात पातेले एवढे पडले आन आवाज कोणाचाच नाई.

तू विचारायच्या आधीच सांगतो. हळदीच्या मांडवात तुझ्या सासऱ्यांची चुलत बहीण सर्वांसमोर म्हणे, "काऊन वो प्रेमिला, सून दिसत नाई, पळाली काय?" मी म्हटलं, पळाली असती तर तुझ्याच घरी आली असती, तिथं पळालेल्या सर्वांची सोय आहे. ती उठून आत गेली. तिच्या पोरानं सून पळवून आणली, तुले माहीतच आहे. जास्त बोलली मी, पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सकाळपासून दर गाडीच्या आवाजाले मी मांडवाबाहेर जात होती. तू नको येऊ म्हणून मीच लिहिलं, तरी.

श्रीहरी लग्नाच्या दिवशी आला, घामानं भिजलेला. त्याले पाणीही देल्लं नाई, आधी विचारलं. म्हणे साऱ्या पोरी परीक्षेले बसल्या, सुट्टीत घरी गेल्या, तुझं नाव वर गेलं. आन पंडुम अजून नाई. म्हणे तो गायता रोज एक आंबा कापून पाहते आन तोंड वाकडं करते. तुझं वजन कमी झालं म्हणे. खात जा.

आता हळदीचं. बाया वाट्या घेऊन उभ्या, आन आचलनं मूठ आवळून डावा हात पाठीमागं धरला. म्हणे, "एवढा वहिनीचा." बाया म्हणाल्या असं चालत नाई, अर्धी हळद अपशकुन होते. साऱ्या माझ्याकडं पाहून राह्यल्या. मलेही ते बरं वाटलं नाई, खोटं काऊन सांगू. पण पोरीनं हात काढला नाई आन मी काढायले लावला नाई. बाकी सारं अंग पिवळं करून देल्लं आन डावा हात कोरा सासरी पाठवला.

तिच्या सासूनं बिदाईत तो हात पाहिला. मले बाजूले घेऊन विचारलं, "हे काय बाई?" मी म्हटलं, पोरीची वहिनी तिकडं जंगलात एका गावाचा सण पाळायले थांबली, तिची ही जागा आहे, तिनंच भरायची, तोवर हात धुवा, भांडी घासा, काईही करा, पण दुसऱ्या कोणाले लावू देऊ नका. त्या बाईनं आचलचा तो हात पदराखाली झाकला. मंग म्हणे, "केव्हा येईल?"

मी म्हटलं, आंब्याले विचारा.

पंडुम झाला की पहिल्या गाडीनं निघ. इथं येऊ नको, सरळ आचलकडं जा.

प्रेमिला